अवचटांसारखं लिहायचंय, पण तोवर किराणा कोण भरणार?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय २७, एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक. अनिल अवचटांचं माणसांत फिरून केलेलं लेखन वाचल्यापासून टेबलावर बसून बातम्यांचे मथळे लावण्यात जीव रमत नाही. राजीनामा देऊन साप्ताहिकं, मासिकं आणि दिवाळी अंकांसाठी मुक्तपणे लिहायचा विचार पक्का होत आलाय. प्रश्न दोन आहेत. अवचट जगले तसं आज जगता येईल का? आणि पोटापुरतं मिळवायला महिन्याला किती लेख लिहावे लागतील?

मी १९८६ पासून हेच करत आलेय. सांगलीत राहते. मधली चार वर्षं एका साप्ताहिकात नोकरी केली, बाकी सगळा काळ मुक्त. ऊसतोडणीच्या टोळ्या, हळदीच्या पेठेतल्या बाया, द्राक्षबागांतली मजुरी, कृष्णेचे पूर हे माझे विषय. अवचटांइतकं चांगलं मला कधी लिहिता आलं नाही, पण त्याच रस्त्याने चालल्यामुळे त्यातले खड्डे मला माहीत आहेत.

दुसरा प्रश्न आधी उरकते. असे लेख महिन्याच्या हिशेबात बसतच नाहीत. माझ्या सगळ्यात चांगल्या वर्षी मी पाच लांब लेख लिहिले, त्यातले दोन आज वाचवत नाहीत. अवचटांच्या नावावर पुस्तकांची रांग दिसते खरी, पण ती पन्नासहून अधिक वर्षांची आहे. तेव्हा तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: एका लेखापायी तीन-चार महिने जातात, त्या महिन्यांचा किराणा कोण भरणार? लेखनाची भाषा, शैली, विषय हे सगळं त्याच्या नंतरचं. मुक्त पत्रकाराला लोक एकांडा शिलेदार समजतात. मला अजून एकही असा भेटलेला नाही ज्याच्या वेळेचे पैसे दुसरं कुणी भरत नव्हतं.

अवचटांचंच बघा. जन्म १९४४, जुन्नर तालुक्यातलं ओतूर. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले. साठच्या दशकाच्या अखेरीस बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यात गेले, तिथली जमीनदारी आणि दारिद्र्य पाहून आले, आणि त्यावरचं पुस्तक १९६९ साली आलं. त्यानंतर डॉक्टरकी मागे पडत गेली आणि लिहिणं हाच उद्योग झाला. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बाया, हमाल, भटक्या जमाती, विणकर, दलितांवरचे अत्याचार, बुवाबाजी. यातल्या एकेका विषयाला किती फिरावं लागलं असेल याचा नुसता अंदाज करा. निपाणी पुण्याहून जवळ नाही आणि वखारीतली बाई पहिल्या भेटीत बोलत नाही.

हे फिरणं कशावर चाललं? त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात सरकारी नोकरीत होत्या. घरात नेमाने येणारा पगार त्यांचा. घर आणि मुली यांचं बरंचसं अवचटांनी पाहायचं. ही वाटणी त्यांनी लपवली नाही, त्याबद्दल मोकळेपणाने लिहिलंसुद्धा. लेखनाचं मानधन येत असणारच, पण चूल त्यावर अवलंबून नव्हती. त्यामुळे घाई नव्हती. संपादकाला हवा म्हणून नको तो विषय घ्यावा लागत नव्हता. लेखाला लागेल तेवढा वेळ देता येत होता. त्यांच्या वाक्यांतला जो निवांतपणा तुम्हाला आवडलाय, त्यात येरवड्याच्या त्या पगाराचा वाटा आहे असं मी मानते.

इथे जरा आडवळण घेते. माझ्या घरीही पगार दुसऱ्याचा होता, नवऱ्याचा, राष्ट्रीयीकृत बँकेतला. मांडणी तीच, फक्त उलटी. पण अवचटांच्या बाबतीत लोक कौतुकाने 'व्रत' म्हणायचे आणि माझ्या बाबतीत 'घरी बसून वेळ जात नाही, म्हणून लिहिते'. एका सत्कारात तर व्यासपीठावर माझ्या नवऱ्यालाच नारळ दिला, 'लिहू देतात' म्हणून. अवचटांनी स्वतः कधी असा भेद केला असता असं वाटत नाही. सांगायचं कारण इतकंच, की घरातल्या पगारावर जगून लिहिणं पुरुषाला जड जातं, कारण नातेवाईक बोलतात. बाईला वेगळ्या रीतीने जड जातं, कारण तिचं काम काम म्हणून धरतच नाहीत आणि संध्याकाळचा स्वयंपाक काही चुकत नाही. तुमच्या घरी कोण काय बोलेल याचा विचार तुम्ही आत्ताच करून ठेवा. लेख नाकारला गेल्याच्या दिवशी ते बोलणं फार लागतं.

आता दुसरा आधार. अवचट लिहीत होते तेव्हा लांब लेखाला जागा देणारी नियतकालिकं होती. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेली 'साधना', श्री. ग. माजगावकरांचा १९६१ पासूनचा 'माणूस', ग. वा. बेहेऱ्यांचा 'सोबत', आणि किर्लोस्करांची तीन मासिकं: 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर'. किर्लोस्करवाडी आमच्या जिल्ह्यातच आहे, म्हणून ही गोष्ट मला लहानपणापासून ऐकून माहीत. शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं ते मुळात नांगराच्या कारखान्याचं पत्रक होतं. त्याचंच पुढे मासिक झालं, १९३० ला 'स्त्री' आली आणि १९३४ ला 'मनोहर'. म्हणजे मराठी मासिक लेखनाच्या एका मोठ्या दालनाला सुरुवातीचा टेकू लोखंडी नांगराने दिला. मासिकांचीही चूल बहुधा दुसरीकडेच पेटलेली असायची. कुठे कारखाना, कुठे ट्रस्ट, कुठे स्वतःचा छापखाना आणि त्यावर घेतलेली लग्नपत्रिकांची कामं.

त्या संपादकांकडून लेखकाला पैशापेक्षा पाठीशी उभं राहणं जास्त मिळायचं. १९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या विशेषांकाचं संपादन अवचटांनी केलं. त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख होता. त्यावरून केवढा गदारोळ उठला हे तुम्ही वाचलं असेल. दलित पँथर त्याच वर्षी उभी राहत होती, आणि या वादाने तिचं नाव घरोघर पोचलं. 'साधना'चे तेव्हाचे संपादक यदुनाथ थत्ते, तसा माणूस पाठीशी असल्याशिवाय असा अंक निघत नाही. मी हे यासाठी सांगतेय की नोकरीत असताना तुमच्यामागे मालक असतो, त्याचा वकील असतो, अंकावर नाव दुसऱ्याचं असतं. बाहेर पडलात की कुणाच्या तरी दारूच्या गुत्त्यावर लिहिल्यावर रात्री फोन तुम्हालाच येणार. म्हणून लेख कुठे द्यायचा हे ठरवताना मानधनाच्या आधी मी हे बघते की हा संपादक उद्या फोन उचलेल का.

यावर तुम्ही म्हणाल, तसे संपादक आता कुठे आहेत? थोडे आहेत. साप्ताहिकं कमी झाली हे खरंच. पण आपल्याकडे दिवाळी अंक नावाची एक चीज आहे. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला काढला, तेव्हापासून मराठी माणूस वर्षातून एकदा तरी वीस पानांचा लेख वाचायला तयार असतो. तुमचं वर्ष याच्याभोवती बांधा. विषय मार्च-एप्रिलमध्ये संपादकाला कळवायचा. जून उजाडला की उशीर झाला, आणि गणपतीत फोन केलात तर तो प्रेमाने बोलेल, पण पानं भरलेली असतात. लेख जुलै अखेरपर्यंत, फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत जायला हवा. अंक दिवाळीच्या आधी येतो. पैसे? काही ठिकाणी अंकाबरोबर, बऱ्याच ठिकाणी संक्रांतीनंतर, आणि काही ठिकाणी 'सप्रेम भेट' शिक्का मारलेला अंक हेच मानधन. माझ्या पहिल्या लांब लेखाचे दीडशे रुपये मनीऑर्डरीने आले होते. त्या लेखासाठी एसटीला आणि मुक्कामाला दोनशे दहा गेले होते. मनीऑर्डर घेऊन आलेल्या पोस्टमनला चहा पाजला तो वेगळाच.

माझा विषय ऊसतोडणी, आणि त्याचं एक गमतीचं दुखणं आहे. टोळ्या इकडे येतात दसरा-दिवाळीच्या सुमाराला, अंक बाजारात येतात त्याच वेळी. म्हणजे या वर्षी पाहिलेलं पुढच्या वर्षी छापून येणार. सुरुवातीला याचा मला राग यायचा. नंतर लक्षात आलं, हे अंतरच लेखाला तारतं. हंगामात पाहिलेलं उन्हाळ्यात त्यांच्या गावी जाऊन पुन्हा तपासता येतं.

काम कसं करते तेही सांगते, कारण अवचटांकडून मी जे उचललं ते इथेच आहे. त्यांच्या लेखात माहिती आधी येत नाही, माणूस आधी येतो. लेखक खोलीत शिरतो, काय दिसतं ते सांगतो, बावळट वाटेल असा प्रश्न विचारतो, समोरचा उत्तर देतो. वाचणाऱ्याला वाटतं, अरे, मीही हेच विचारलं असतं. हे सोपं वाटतं, पण तसा प्रश्न विचारायला आपण विषयातले जाणकार आहोत हे विसरावं लागतं. आणखी एक पाहा. ते बहुतेक ठिकाणी तिथे काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या ओळखीने गेलेले दिसतात. हमालांवर लिहायचं तर पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत होती. अशी ओळख नसेल तर दार उघडत नाही. पण नुसत्या त्या ओळखीवर राहिलात तर तुम्हाला कार्यकर्त्याला दाखवायचं असतं तेवढंच दिसतं. दुसऱ्या फेरीला एकट्याने जायचं, हा मी स्वतःपुरता घालून घेतलेला नियम.

माझी पहिली फेरी नुसती बघण्याची असते. वही बाहेर काढत नाही. तळावर कोपी, म्हणजे टोळीची झोपडी, कशी बांधलीय, पाणी कुठून आणतात, पहाटे किती वाजता उठतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. हा शब्द मी तीनदा ऐकला तेव्हा मला त्याचा अर्थ कळला. बाईला स्वतंत्र मजूर म्हणून कुणी मोजतच नाही, ती अर्धा कोयता. तिच्या हातात वेगळी मजुरी पडत नाही, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर टोळीचा मुकादम देतो, आणि आजारपणात एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड लागतो. हे सगळं मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. तळावर बसून ऐकलेल्या भांडणांतून कळलं. माणसं मुलाखतीत सांगत नाहीत ते भांडताना सांगतात.

दुसऱ्या फेरीला वही. तिथे मी मोजते. टोळीत कोयते किती, उचल किती घेतली, मोळीत किती ऊस, गाडी भरायला किती वेळ, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून दिवसाला किती सुटतात. वाढ्याचे पैसे बहुतेक बायकांकडे राहतात, म्हणून त्यांच्याशी बोलण्याची सुरुवात मी वाढ्याच्या भावापासून करते. 'तुमचं दुःख सांगा' असं विचारलंत तर समोरून पाठ केलेलं उत्तर येतं. 'आज पेंढी कितीला गेली?' असं विचारलंत की पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही. मुकादमाशी, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या स्लीपबॉयशी, शेतकऱ्याशीही बोलायचं. शेतकरी बिचारा ऊस वाळतोय म्हणून टोळीच्या हातापाया पडत असतो. त्याची बाजू घातली नाही तर लेख खोटा होतो.

तिसरी फेरी उन्हाळ्यात, त्यांच्या गावाला. ही बहुतेक जण गाळतात. मीही पहिली काही वर्षं गाळली आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

१९९१ मध्ये एका टोळीवरच्या लेखात मी एका बाईचं नाव आणि गाव घातलं. हिशेबात मुकादमाने कशी गडबड केली हे तिने सांगितलं होतं, अगदी निर्भीडपणे. मी खूष. लेखाला जिवंतपणा आला, संपादकाचं कौतुकाचं पत्र आलं. पुढच्या हंगामात तळावर गेले तर ते जोडपं नाही. त्या मुकादमाने त्यांना उचल दिली नाही, आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या दोघांनीही दिली नाही. अंक गावात कुणीतरी वाचून दाखवला होता. मी शोधत त्यांच्या गावी गेले. ती बाई रागावली नाही. 'तुमी लिव्हलं ते खरंच व्हतं की,' एवढंच म्हणाली आणि चहाला ठेवलं. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. त्यानंतर नाव, गाव, कधी कधी तालुकासुद्धा मी बदलते. जे छापणार ते आधी त्यांना वाचून दाखवते. 'हे तुमच्या मुकादमाने वाचलं तर काय होईल?' असं विचारते. काही वेळा यामुळे लेखातला सगळ्यात चांगला उतारा जातो. जाऊ दे. आता मोबाईलवर लेख संध्याकाळपर्यंत तळावर पोचतो, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जपावं लागेल.

पुन्हा पैशांकडे येते. एका विषयावर तीन फेऱ्या केल्यात तर त्यातून एकच लेख काढणं परवडत नाही. मी साधारण असं करते: लांब लेख दिवाळी अंकाला, त्यातल्या एका माणसाचं छोटं व्यक्तिचित्र रविवारच्या पुरवणीला, आणि बोलण्यासारखा भाग सांगली आकाशवाणीला. आकाशवाणीचा धनादेश लहान, पण यायचा. मजकूर मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा लिहायचा. तोच तो लेख फिरवलात तर एकदाच खपतो, पुढे दारं बंद.

हक्कांबद्दल नवीन लोक बेफिकीर असतात म्हणून दोन ओळी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या करारात नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या लेखी करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे संपादकाने दीडशे रुपये दिले म्हणून लेख जन्माचा त्याचा झाला असं नाही. पुढे पुस्तक करायचं तर याचा उपयोग होतो, आणि असल्या लेखनाला उशिराने का होईना पैसे मिळाले तर ते पुस्तकातूनच मिळतात. उलट बाजूही ऐका. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा जो कायदा आला, त्याची छत्री नोकरीतल्या पत्रकारावर, अगदी अर्धवेळवाल्यावरही होती. मुक्त लेखक तिच्या बाहेर. ना वेतन मंडळ, ना भविष्य निर्वाह निधी, ना आजारपणाची रजा. २००५ च्या पुरात मी कमरेएवढ्या पाण्यातून फिरले आणि नंतर पंधरा दिवस तापाने पडले. ते पंधरा दिवस माझेच होते, खर्चासकट.

एका संपादकाने माझा बावीस पानी लेख न विचारता नऊ पानांवर आणला, वर पानपूरक म्हणून विनोद छापला. मी भांडले, पुढे तिथे लिहिलं नाही. दुसरं काय करणार? पगारी माणसाला युनियन असते. आपल्याला फक्त 'यापुढे देणार नाही' एवढंच म्हणता येतं, तेही घरात कुणाचा पगार असेल तर.

म्हणून तुमच्या बाबतीत काय करावं हे घरावर अवलंबून आहे, आणि घर मला दिसत नाही. भाड्याचं आहे की स्वतःचं, हप्ते किती, आईवडील कुणाकडे, लग्न झालंय का, जोडीदार कमावते का, आणि मुख्य म्हणजे ही वाटणी तिला मान्य आहे का. पगार घरात दुसऱ्याचा असेल आणि त्या माणसाने मनापासून हो म्हटलं असेल, तर अवचटांची वाट आजही चालता येते. तो होकार तोंडदेखला असेल तर दोन वर्षांत दोघंही कडू होतात. मी अशी घरं पाहिलीयत.

तसा पगार नसेल तर दुसरी वाट पाठ्यवृत्तीची. पत्रकार पी. साईनाथ 'ब्लिट्झ' साप्ताहिकातून बाहेर पडले आणि १९९३ मध्ये टाइम्सची पाठ्यवृत्ती घेऊन देशातल्या अत्यंत गरीब जिल्ह्यांत फिरले. तिथेही कुणीतरी वेळ विकत घेऊन दिला होता, एवढंच की तो घरातला माणूस नव्हता. पाठ्यवृत्ती मिळाली तर घ्या, पण ती संपते, आणि संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत पुढचं शोधावं लागतं. तिसरी वाट मराठीत सगळ्यात जास्त वापरली गेलीय. प्राध्यापकी, शाळा, बँक, पोस्ट, कुठेतरी टिकून राहायचं आणि सुट्ट्यांत फिरायचं. मराठी मासिकं शंभर वर्षं चालली ती बऱ्याच अंशी अशा रविवारच्या लेखकांवर. या वाटेला कुणी झपाटलेपणा म्हणत नाही, म्हणून ती तुम्हाला आवडणार नाही. पण त्यातून उत्तम लेखन झालेलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी अवचटांच्या चाहत्यांच्या नजरेतून निसटते. त्यांच्या लेखनाचा सगळ्यात मोठा परिणाम झाला तो गर्दवरच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावरच्या लेखमालेने. ऐंशीच्या दशकात पुण्यात गर्द पसरत होती, त्यात सापडलेल्या पोरांवर त्यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते सुरू झालं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात, आणि उभं केलं डॉ. सुनंदांनी. १९९७ मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांनी ते सांभाळलं. ज्या नोकरीने लेखकाचा किराणा भरला, त्याच नोकरीच्या आवारात लेखाचं पुढे केंद्र झालं. अवचटांचं चरित्र कुणी नीट लिहायला घेतलं तर दोघांचं मिळून लिहावं लागेल असं मला कायम वाटत आलंय.

तर, उद्या राजीनामा देऊ नका. साप्ताहिक सुटी आणि साठलेली हक्काची रजा यांच्यावर एक विषय पूर्ण करा, तीन फेऱ्यांसकट. बाहेर लिहायला तुमच्या दैनिकाची परवानगी लागते का ते नेमणूकपत्रात बघा, बहुतेक ठिकाणी लागते. खर्चाची वही वेगळी ठेवा, एसटीच्या तिकिटापासून चहापर्यंत. लेख दिवाळी अंकाला द्या. अंक आला, पैसे आले किंवा नाही आले, की ती वही घेऊन घरच्यांबरोबर बसा आणि पुढचं तेव्हा ठरवा. तुम्ही शहराचं नाव लिहिलेलं नाही, पण बीड-पाथर्डीकडचे असाल तर टोळ्या तुमच्याच गावांतून निघतात. सप्टेंबरात मुकादम उचल वाटत फिरतात, तो व्यवहार इकडे आम्हाला कधीच बघायला मिळत नाही. तिथून सुरुवात केलीत तर मला कळवा, तळावरच्या दोन-तीन बायांशी मी गाठ घालून देईन. पहिल्या फेरीला मात्र वही नको.